नैरोबी ते मुंबई, पावणेसहा तास

१२ सप्टेंबर, जळगाव

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज लिहीत जा. सकाळचं वजन, पोटाचा घेर, झोप, बोलणं नीट आहे का. म्हणून ही वही घेतली. जीवनचं वजन आज एकोणसत्तर किलो, पण त्यात माणूस किती आणि पोटातलं पाणी किती, ते कोण सांगणार. डोळे पिवळे. झोप नाही.

एवढं लिहून वही मिटणार होते, पण हात थांबेना.

जुन्या काविळीने लिव्हर पार सुकलंय. औषधांवर दोन-तीन महिने निघतील, असं डॉक्टर म्हणाले. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून बसवायचा, हा एकच उपाय. खर्चाची सोय जीवनच्या कारखान्याने केली आहे, अडलंय ते माणसावर. जीवनचा रक्तगट ओ, त्याला ओच चालतो. माझा बी. आमची हेमांगी पंधरा वर्षांची, तिचं नावच काढायचं नाही. सासूबाईंचं वय झालं. राहिला राकेश, जीवनचा धाकटा भाऊ, माझा दीर. तो केनियात नैवाशाला फुलांच्या शेतांवर ठिबक बसवायच्या कामावर आहे. त्याचा गट ओ. मी दवाखान्यातूनच फोन लावला. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच तो म्हणाला, "वहिनी, मी येतो."

परतीच्या गाडीत मोबाइलवर बघितलं. नैरोबी ते मुंबई साडेचार हजार किलोमीटर, थेट विमान, पावणेसहा तास. आमच्या गाडीला मुंबईहून जळगावला यायला त्याहून जास्त लागले. मी जीवनला म्हटलं, तुमचा भाऊ आफ्रिकेत नाही, नागपूरला आहे असं समजा. तो हसला नाही, खिडकीबाहेर बघत राहिला. थकला असणार. मी तपासण्यांच्या रांगेत होते तेव्हा हा अकोल्याच्या एका बाईशी कितीतरी वेळ बोलत बसला होता. तिच्या नवऱ्याचंही हेच ऑपरेशन झालं, तिच्या भावाने लिव्हर दिलं. काय म्हणाली विचारलं, तर म्हणाला, काही नाही, नवरा बरा आहे.

नवरा बरा आहे. हे मी मनात धरून ठेवलंय.

१७ सप्टेंबर

राकेशचं पंचवीस तारखेचं तिकीट झालं. आज नशिराबादला जाऊन सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या चुलीपुढे बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एक डोया काढीसन दुसरा डोयाले लावानं काम शे हाई." मी म्हटलं, आई, हे डोळ्यासारखं नाही, लिव्हर पुन्हा वाढतं, राकेशचं दोन-तीन महिन्यांत भरून येईल, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलंय. त्यांनी मान डोलावली आणि मला जेवायला वाढलं. त्यांना कितपत पटलं कुणास ठाऊक.

घरी आले तर जीवन गच्चीवर. जिना चढू नका म्हणून बजावलंय, तरी चढला. राकेशशी फोनवर बोलत होता. भावांना एकमेकांशी बोलायचं असेल, म्हणून मी खालीच थांबले.

२४ सप्टेंबर

राकेशने तिकीट रद्द केलं. साहेब सोडत नाहीत म्हणे, नव्या शेताची पाइपलाइन अर्धी टाकून झालीय. दहा-बारा दिवसांनी नक्की येतो म्हणाला. आवाज पडलेला होता. मी त्याला काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून रडले. जीवनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, नोकरी आहे त्याची, परक्या देशात आहे, घाई करू नकोस. हा माणूस स्वतःच्या मरणाबद्दल असं बोलतो, जसं काही दुसऱ्याचं पार्सल उशिरा येतंय.

३ ऑक्टोबर

काल दसरा. सराफाच्या पेढीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी मंगळसूत्रांच्या काउंटरला असते. नव्या नवऱ्या आरशात बघतात आणि मला विचारतात, ताई, कसं दिसतंय. मी दिवसभर छान दिसतंय म्हणत होते.

संध्याकाळी राकेशचा फोन. आता म्हणे त्याचं पिवळं कार्ड हरवलंय. केनियातून येणाऱ्याला पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर मुंबईला उतरल्यावर वेगळं कोंडून ठेवतात. नवी लस घ्यायची, मग दहा दिवस थांबायचं. मी म्हटलं, कोंडू देत, निदान या देशात तर असशील. तो म्हणाला, बघतो वहिनी.

हे शिल्पाचं काम आहे, मला खात्री वाटायला लागलीय. शिल्पा त्याची बायको, बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी आलीय, सातवा महिना. आपल्या नवऱ्याच्या पोटावर कुणी सुरी फिरवलेली तिला का आवडेल? तिच्या जागी मी असते तर मलाही नसती आवडली. पण मी माझ्या जागी आहे.

९ ऑक्टोबर

मागच्या आठवड्यात दोनदा पोटातलं पाणी काढलं. हातापायाच्या काड्या झाल्यात.

आज मात्र त्याला जरा हुशारी वाटत असावी. खुर्चीत बसून हेमांगीला गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं ते शिकवलं. मग स्कूटीचा प्लग साफ करायला, मग विम्याची कागदं कुठे आहेत ते दाखवलं. ती कंटाळली, तरी सोडेना. मला बरं वाटलं. संसारात लक्ष घालतोय म्हणजे आशा आहे.

१४ ऑक्टोबर, धुळ्याहून परत

कुणाला न सांगता धुळ्याला जाऊन आले. पेढीत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. एसटीत बसून शिल्पाला काय काय सुनवायचं ते मनाशी जुळवत होते.

देवपूरला तिच्या माहेरी कमलबाईंनी, तिच्या आईने, दार उघडलं. माझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं. हळूच म्हणाल्या, "मनी पोरले सातवा महिना शे. तिनावर राग नको काढू."

शिल्पा पलंगावर बसली होती, पाय सुजलेले. मी ठरवलेलं सगळं विसरले आणि तिच्या पायाशी खाली बसले. म्हटलं, शिल्पा, मी तुझ्या पाया पडते, त्याला सोड. सहा तासांचा रस्ता आहे. एकदा येऊ दे. तिने माझे हात धरून मला वर ओढलं. ती रडत होती, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलली.

"वहिनी, मी त्यांना एकदाही नको म्हटलेलं नाही. भाऊंना विचारा."

"भाऊंना काय विचारू? त्यांना धड चालता येत नाही."

"भाऊंनाच विचारा," ती पुन्हा म्हणाली, आणि कमलबाईंकडे बघून गप्प झाली.

चहा न घेता निघाले. गाडीत संताप संताप झाला. किती सहज अंगावरून झटकलं. आजारी माणसावर ढकललं. घरी आल्यावर जीवनने विचारलं, कुठे गेली होतीस. मी म्हटलं, पेढीत हिशोबाला थांबले होते. त्याला कशाला त्रास.

२२ ऑक्टोबर, जळगावचा दवाखाना

परवा दिवाळीच्या दिवशी दुपारी त्याला भ्रम झाला. रक्तात विष चढलं की असं होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. हेमांगीला बेबी म्हणायला लागला, बेबी म्हणजे त्याची आत्या. शर्टाची बटणं उलटी लावून कारखान्यात निघाला. इथे आणून भरती केलं.

आज सकाळी मी त्याचं तोंड पुसत होते. त्याने माझं मनगट घट्ट पकडलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला,

"राक्या, येऊ नको. तुला आईची आण आहे. कार्ड हरवलं सांगितलंस ना तिला? अजून थोडे दिवस काहीतरी सांग. मग संपलंच."

मी म्हटलं, मी प्रज्ञा आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, पण मी त्याला दिसले नाही.

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि नैवाशाला फोन लावला. तिथे नुकतं उजाडलं असेल. मी एवढंच विचारलं, "राकेश, कार्ड कुठंय?" तो म्हणाला, "खिशातच आहे वहिनी. कधी हरवलं नव्हतं."

२४ ऑक्टोबर

औषधाने विष उतरलं. आज तो पुरता शुद्धीवर होता. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं. त्याने नाकारलं नाही.

अकोल्याच्या त्या बाईने त्याला सांगितलं होतं, नवरा घरी गेला आणि भाऊ गेला. देणारा गेला. हजारात एखादा जातो म्हणतात, तो एखादा तिचा भाऊ होता. बाप वारला तेव्हा राकेश चार वर्षांचा होता, जीवन चौदा. "मी त्याला वाढवला तो असा कापून घ्यायला नाही," म्हणाला. "त्याला पोर होणार आहे. त्याचं काही झालं तर मी वाचून काय करू?"

"आणि मला विचारलं तुम्ही?"

"तू हो म्हटलं नसतंस."

"मी महिनाभर शिल्पाला शिव्या दिल्या. तिच्या पायाशी बसून आले. तुम्ही बघत बसलात."

त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, तू रागावली होतीस तेवढं बरं होतं, रागावलेला माणूस रडत नाही.

मी त्याच्याशी भांडायला आले होते आणि त्याची नखं कापत बसले.

२६ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केला. जीवनचं म्हणणं खोटं नाही. राकेशला काही झालं तर शिल्पाला, सासूबाईंना मी तोंड कसं दाखवू? आणि नाही बोलावलं तर हेमांगीला काय सांगू, तुझ्या बापाला मी मोठ्या मनाने जाऊ दिलं?

माझं मन मोठं नाही. मी आज राकेशला फोन केला आणि म्हटलं, ये.

१ नोव्हेंबर, मुंबई

राकेश काल आला. आम्ही जीवनला अॅम्ब्युलन्समधून इथे मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. राकेश विमानात होता तेवढा वेळ मी मोबाइलवर बघत होते, ते छोटंसं विमान समुद्रावर मुंगीसारखं सरकत होतं. महिना दीड महिना जे अंतर तुटलं नाही ते जेवणाच्या दोन वेळांच्या मध्ये तुटलं.

जीवनने त्याला बघून भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांसमोर स्पष्ट सांगितलं, मला हे ऑपरेशन नको, माझी सही नाही. घेणाऱ्याने नाही म्हटलं तर कायदाही काही करू शकत नाही. राकेश कोपऱ्यात उभा, मान खाली. मला वाटलं संपलं.

दुपारी शिल्पा आली. एवढं पोट घेऊन धुळ्याहून गाडी करून, कमलबाईंचं न ऐकता. थेट जीवनच्या पलंगाशी गेली. तिने आवाज चढवला नाही.

"भाऊ, तुम्ही गेलात तर हे आयुष्यभर माझ्याकडे बघतील आणि मनात म्हणतील, हिच्यासाठी भावाला सोडला. तोंडाने नाही म्हणणार. पण मला दिसेल. मला असा नवरा नको. माझ्यावर उपकार करू नका."

जीवनने पेन मागितलं.

ज्या बाईला मी महिनाभर वैरीण समजले, तिच्या अंगावर मी शाल घातली.

१३ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. शेजारी शेजारी दोन खोल्या, सकाळी दोघांना आत नेलं. शिल्पा आणि मी एका बाकावर. तिच्या पोटात बाळ फिरत होतं तेव्हा तिने माझा हात घेऊन तिथे ठेवला.

संध्याकाळी नर्स बाहेर आली. मी धावले आणि विचारलं, जीवन कसे आहेत? ती म्हणाली, दोघेही ठीक आहेत. मागे वळले तर शिल्पा जागेवरच बसलेली, माझ्याकडे बघत. मी आधी राकेशचं विचारायला हवं होतं. देणारा तो होता. सुचलंच नाही.

१९ नोव्हेंबर

जीवनचे डोळे पांढरे झाले. इतक्या दिवसांत विसरले होते, ते कसे होते.

आणि राकेशला ताप. लिव्हर कापलं तिथून पित्त गळतंय, पोटात पू झालाय. काल पुन्हा आयसीयूत नेलं, नळी घातली. डॉक्टर म्हणतात, असं होऊ शकतं, बघू. बघू म्हणजे काय?

जीवनला कुणीतरी सांगून टाकलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी नर्सला सांगतो. मी मास्क लावून काचेपलीकडून बघते, तो छताकडे बघतो. हेमांगी फोनवर म्हणाली, बाबा रोज विचारतात, आई जेवली का. मला म्हणाली, तूच सांग ना त्यांना. ती लहान आहे, तिला यातलं काय कळणार. तो सवयीने विचारत असेल.

आज शिल्पाला जबरदस्तीने धुळ्याला पाठवलं. जाताना म्हणाली, वहिनी, काही लपवू नका, जे असेल ते मला आधी सांगा. मी शब्द दिला.

२४ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. नशिराबादहून सासूबाई फोन करतात आणि काही न बोलता धरून ठेवतात. मला श्वास ऐकू येतो.

मी ये म्हटलं. एकच अक्षर. आज आयसीयूच्या दारात उभी राहून तो बाप होण्याआधी मरेल तर काय, हे पूर्ण मनात आणून बघितलं. आणि तरी, देवादिकांना आम्ही मानत नाही, म्हणून स्वतःलाच सांगते, सव्वीस ऑक्टोबर पुन्हा आली तर मी काय करेन ते मला माहीत आहे. म्हणूनच झोप येत नाही.

१८ डिसेंबर

राकेशला आज घरी सोडलं. महिन्याभरात पंधरा किलो उतरलाय. आयसीयूत दोन वेळा आत-बाहेर झाला. काल नळी काढली.

गाडीची वाट बघत आम्ही खाली बसलो होतो. मी म्हटलं, राकेश, माझ्यामुळे तुझं हे झालं. तो शर्टाच्या आत पोटावर बांधलेला पट्टा चाचपत राहिला.

"वहिनी, एक सांगू का? मी पहिल्यांदा येतो म्हटलं ना, फोन ठेवल्यावर घाम फुटला होता मला. मग भाऊचा फोन आला, येऊ नको म्हणून. मला इतकं हलकं वाटलं. मी त्याच्या शब्दाआड लपून बसलो. तुम्ही ये म्हटलंत तेव्हा तुमचा फार राग आला." मग म्हणाला, "विमानात बसल्यावर गेला."

मला वाटलं होतं, एकटी मीच लहान मनाची आहे.

भाऊला हे सांगू नका, म्हणाला. नाही सांगणार.

२५ जानेवारी, धुळे

शिल्पाला मुलगी झाली, त्याला महिना झाला. आज आम्ही बघायला गेलो. जीवन आता काठीशिवाय चालतो. जळगावहून सगळा रस्ता तो पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरशी कपाशीच्या भावाचं बोलत होता. माझ्याशी अजूनही कामापुरतंच, तेही हेमांगीला मध्ये घालून.

देवपूरच्या घराच्या पायरीशी तो थांबला. त्याला जंतूंचं भय, तान्ह्या बाळाच्या खोलीत जायची डॉक्टरांनी मनाई केलीय. आतून राकेशचा आवाज येत होता. त्याला अजून वजन उचलायचं नाही, म्हणून बाळ त्याच्याजवळ उशीवर ठेवलं होतं आणि तो तिला काहीतरी सांगत होता, मोठ्या माणसाशी बोलावं तसं. कमलबाई म्हणाल्या, खिडकीतून दाखवते. जीवन नको म्हणाला, तिला थंडी लागेल.

तो मास्क लावून अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला. मीही तिथेच उभी राहिले. आत जायचा धीर होत नव्हता.

"प्रज्ञा," तो म्हणाला.

दोन महिन्यांत पहिल्यांदा नावाने हाक मारली. मी वळले. तो माझ्याकडे बघत होता.

"तू आत जा. नीट बघून ये, कोणासारखी आहे. मग मला सांग."

मी चपला काढल्या आणि आत गेले.